दहा तास पाठीवर

अन्याय झाला तो सिस्टर इंदुमती खोडके हिच्यावर. वेळ न सांगता केलेली तक्रार कचऱ्यात जाते, हे मला पत्रकं वाटून वाटून कळलं आहे; म्हणून वेळही सांगते. यंदाच्या भाद्रपदातला दुसरा सोमवार, सकाळी सहापासून दुपारी चारपर्यंत. जागा, जयपूरच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयातला बायकांचा वॉर्ड, खिडकीकडून तिसरी खाट. याच वॉर्डात तिनं दहा-अकरा वर्षं नोकरी केली होती. अन्याय असा की तिला दहा तास उताणी ठेवलं. मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, कोणी वाकडा शब्द बोललं नाही. उलट चादर इतकी नीट ताणून खोचली होती की तिच्यावर एक सुरकुती नव्हती. तुम्ही म्हणाल, आजारी माणूस दहा तास पाठीवर पडून राहिलं यात अन्याय तो काय? त्या दिवशी मलाही असंच वाटलं होतं. म्हणून तर हे लिहायची वेळ आली.

इंदुमती माझी आत्या. आम्ही मूळचे नागपूरचे. बाबा केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात, त्यांची जयपूरला बदली झाली ती पंचावन्न सालाच्या सुमाराला. मी तेव्हा तिसरी-चौथीत असेन. आत्याचं लग्न ठरत ठरत राहून गेलं होतं. आजोबांशी भांडून ती नर्सिंग शिकली होती आणि बाबांच्या पाठोपाठ तिनंही इथेच नोकरी धरली. उंच, हाडापेराची, आवाज थोडा घोगरा. सकाळी पांढऱ्या साडीला इस्त्री करताना ती पुटपुटत असे, आणि मला वाटायचं स्तोत्र म्हणते आहे. एकदा जवळ जाऊन ऐकलं तर ती खाटांचे नंबर म्हणत होती. कोणती खाट कोणत्या कुशीवर सोडून आली, ते. आई हसून म्हणाली, "इंदूताई, देवाचं नाव घ्या हो दोन मिनिटं." तर आत्या म्हणते, "वहिनी, देव स्वतः कूस बदलू शकतो. सात नंबरवाली नाही बदलू शकत."

रोगी अंथरुणाला खिळला की पाठीला, माकडहाडाला, टाचांना जखमा होतात हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. घरोघरी कोणीतरी आजोबा, कोणीतरी सासू अशी गेलेली असते, आणि आपण म्हणतो, फार दिवस पडून होते ना, पाठ फुटली... जणू पाठ फुटणं हे म्हातारपणासारखंच, ठरलेलं. माझी आत्या जन्मभर एकाच गोष्टीसाठी अडून बसली: हे ठरलेलं नाही. ही जखम रोगातून येत नाही, आपण रोग्याला जसं ठेवतो त्यातून येते. हाडाखाली चामडी तासन् तास दाबली गेली की तिथलं रक्त थांबतं, आणि चामडी मरते. तिला ते कोणी शिकवलं नव्हतं. शिकवलं होतं ते वेगळंच. जागा लाल दिसली की स्पिरिट लावून जोरात चोळायचं, वर पावडर टाकायची. शिकत असताना चोळण्यात तिचा हात सगळ्यात चांगला म्हणून तिची वाहवा झाली होती, आणि ती ते अभिमानानं सांगत असे.

मग एका संक्रांतीला पतंगाच्या गडबडीत एक तरुण मास्तरीण गच्चीवरून पडली आणि कमरेखाली लुळी होऊन वॉर्डात आली. इथल्या संक्रांतीला असं कोणी ना कोणी पडतंच. आत्याचा तिच्यावर जीव बसला. दिवसातून चार-चार वेळा तिची पाठ ती स्वतः चोळायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. आणि सगळ्या वॉर्डात सगळ्यात खोल जखम त्या मुलीला झाली. मुलगी गेली.  तिसऱ्या दिवशी आत्यानं माझी कोरी वही मागून घेतली आणि त्यात माणसाच्या पाठीचं चित्र काढलं. खांदे, कणा, कंबर, टाचा. वॉर्डातल्या प्रत्येक खिळलेल्या बाईचं एक पान. रोज कुठे लाल झालं ते लाल पेन्सिलीनं, किती वेळा वळवलं ते काळ्या पेन्सिलीनं, किती वेळा चोळलं ते निळ्या. माझ्या रंगीत पेन्सिलींचा डबा असा गेला, आणि मी त्याबद्दल रडले होते हे मला चांगलं आठवतं.

वर्ष दोन वर्षं ती नुसती खुणा करत राहिली.  मग एका रविवारी जेवणं झाल्यावर तिनं वह्या जमिनीवर मांडल्या आणि बाबांना म्हणाली, "दादा, तू हिशेबातला माणूस आहेस. बघ, मी चुकून राहिली का?" बाबांनी चष्मा लावून पानामागून पान उलटलं. ज्या पानांवर काळ्या खुणा दाट तिथं लाल विरळ होतं. निळ्या खुणांनी कुठेच काही फरक पडलेला नव्हता. कुठे कुठे तर निळं जास्त तिथं लालही जास्त. बाबा म्हणाले, "म्हणजे तुमचं ते स्पिरिट..." आत्यानं वाक्य तोडलं. "माझं स्पिरिट. त्या मुलीच्या पाठीवर माझाच हात होता, दादा. दुखावलेली चामडी मी आणखी दुखावत होते. पहिल्यांदा तेच लिहायचं." आणि खरंच, तिनं मोठ्या डॉक्टरांना द्यायला जो अहवाल लिहिला त्याच्या पहिल्या परिच्छेदात तिनं स्वतःची चूक लिहिली. मी आजवर शेकडो अर्ज, निवेदनं पाहिली. स्वतःवरच्या आरोपानं सुरू होणारं ते एकच.

पण वळवायचं कोणी? एक नर्स आणि चाळीस खाटा, हा हिशेब तिलाही कळत होता. तिनं नजर वळवली ती खाटेखाली बसलेल्या माणसांकडे. इथे रोग्याबरोबर अख्खं घर येतं. पितळी डबे, गोधड्या, हुक्का. मेट्रनबाईंना ही गर्दी डोळ्यासमोर नको असे. आत्या म्हणायची, हेच माझे हात. त्यांच्याजवळ घड्याळ नव्हतं आणि असतं तरी बऱ्याचजणींना वाचता येत नव्हतं. मग तिनं चिंध्यांची युक्ती काढली. रोगी ज्या कुशीवर असेल त्या बाजूच्या दांडीला चिंधी बांधायची. नर्स दर दोन तासांनी नुसती वॉर्डातून फिरून घंटी वाजवणार. घंटी झाली की सोडायची, वळवायचं, पलीकडे बांधायची. लांबून बघूनही कळायचं कोण राहिलं ते. चिंध्या आल्या सांगानेरहून. तिथल्या एका छीपा घरातली, म्हणजे कापडावर ठसे उठवणाऱ्यांतली, म्हातारी मांडी मोडून आली होती आणि तिची सून गेंदीबाई हातभर घुंघट काढून खाटेशी बसलेली असे. ती ठसे उठवताना वाया गेलेली कापडाची टोकं गाठोडं भरून घेऊन आली. सगळा वॉर्ड लाल-काळ्या बुट्ट्यांनी रंगून गेला. म्हातारी मोठी तोंडाळ. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "बहू मनै पापड़ ज्यूं पलटै छै!" सून मला पापडासारखी उलटवते! आणि घुंघटाआडून गेंदीबाई, "पापड़ जळ जावै तो थे ही बोलोगा, सासूजी." जळला की तुम्हीच बोलाल. म्हातारी अडीच महिन्यांनी घरी गेली तेव्हा तिच्या पाठीवर एक डाग नव्हता. जाताना गेंदीबाईच्या नवऱ्यानं आत्याला एक लाकडी ठसा दिला. फुलाचा नव्हे, वेलीचा नव्हे. वहीत बघून करवून घेतलेला माणसाच्या पाठीचा. चित्र काढण्यात तिचा वेळ जातो हे त्यानं नुसतं बसल्या बसल्या पाहून ठेवलं होतं. ठसा बघून आत्या पहिल्यांदा रडली, मास्तरणीनंतर पहिल्यांदा. वॉर्डात तिचं नाव पडलं करवटवाली, म्हणजे कूस बदलवणारी, सिस्टरजी.

आता त्या अहवालाचं काय झालं ते. मोठ्या डॉक्टरांनी तो तिच्यासमोर उलटा-पालटा केला आणि गोड आवाजात म्हणाले, "सिस्टर, आप सेवा कीजिए, रिसर्च हम कर लेंगे." एवढ्यावरही ती थांबली असती. पण अहवालात तिनं एक गोष्ट लिहिली होती जी मेट्रनबाईंना लागली. वॉर्डात पाहणीचा दिवस असला की सगळ्या खाटा एका रेषेत, चादरी ताणून खोचलेल्या, सगळे रोगी उताणे, हात बाहेर, पांघरुणाची घडी सगळ्यांची एकाच उंचीवर. चिंध्या काढून टाकायच्या, नातेवाईक फाटकाबाहेर. कुशीवर झोपलेला रोगी म्हणे गबाळा दिसतो. आणि आत्याच्या वह्यांत दर पाहणीनंतरच्या दोन-तीन दिवसांत लाल पेन्सिल पानापानावर उठत होती. मेट्रन म्हणाल्या, "मतलब तुम लिख रही हो कि इन्स्पेक्शन से मरीज बिगडते हैं?" आत्या म्हणाली, "मी नाही लिहिलं मॅडम. पाठींनी लिहिलं." त्या महिन्यात तिची बदली बाहेरच्या रोग्यांच्या खिडकीवर झाली, पट्ट्या बांधायला. वर्षभरानं परत वॉर्डात आली, चिंध्या परत बांधल्या, पाहणीच्या दिवशी परत काढल्या गेल्या. असं सात-आठ वर्षं चाललं. अहवाल कुठल्या कपाटात गेला, देव जाणे. परत कधी मिळाला नाही.

मी तोवर मोठी झाले, कॉलेजात गेले, आणि पत्रकंवाली झाले. नळासाठी, धान्याच्या भावासाठी, कामावरून काढलेल्या बायकांसाठी. किशनपोल बाजारात एका छापखान्यात आमची पत्रकं निघायची. आत्या माझी पत्रकं चवीनं वाचायची आणि चुका काढायची. "इतकं ओरडून का राहिली कागदावर? काय करायचं ते तर सांगितलंच नाही तू." मागच्या होळीच्या सुमाराला तिनं मला एक चिटोरं दिलं. हिंदीत सहा ओळी. रोग्याला दर दोन तासांनी वळवा. लाल जागा चोळू नका. टाचांखाली मऊ कापडाची घडी. अंथरूण ओलं ठेवू नका, सुरकुती ठेवू नका. रोज पाठ बघा. आणि सहावी, पाहणीच्या दिवशीसुद्धा. म्हणाली, "हे छापून दे. वर तो ठसा मार म्हणजे न वाचणाऱ्यांनाही कळेल. मी फाटकाशी वाटीन." मी चिटोरं वाचलं आणि मला... खरं सांगायचं तर हसू आलं. मी म्हटलं, "आत्या, हा काही लढा नाही गं. हा घरगुती उपाय झाला." ती म्हणाली, "घरगुती आहे ना? मग घरातल्यांच्या हातात दे." मी हो म्हटलं. आणि विसरले. नाही, विसरले नाही, मागे ठेवलं. आमच्या नळाचं पत्रक निघालं, मग भाड्याचं निघालं, मग कागद महागला. तिनं पुन्हा दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा नाही विचारलं.

श्रावणात एका सकाळी इस्त्री करता करता ती खाली बसली. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डोळे मात्र तसेच, सगळं समजणारे. तिच्याच वॉर्डात तिला ठेवलं. आई, मी आणि गेंदीबाई, जिला बातमी कशी लागली कोण जाणे, पण जी बस पकडून रोज सांगानेरहून यायला लागली, आम्ही पाळ्या लावल्या. चिंधी सोडायची, वळवायचं, बांधायची. गेंदीबाई घुंघट मागे सारून तिच्या कानाशी म्हणायची, "पसवाड़ो फेरूं छूं, सिस्टरजी." कूस बदलते हं. आत्याच्या डाव्या हाताची बोटं हलायची. पाच आठवडे तिची पाठ स्वच्छ होती. डॉक्टर म्हणत होते, हळूहळू बसायला लागतील.

आणि मग तो सोमवार. कोणी बडे साहेब पाहणीला येणार होते. सहा वाजता सगळ्या नातेवाइकांना बाहेर काढलं. वॉर्डातली नर्स, आत्याच्याच हाताखाली शिकलेली पोरगी, माझ्यासमोर हात जोडून उभी राहिली. "दीदी, बस आज का दिन. मेरी नौकरी का सवाल है." तिनं आत्याला उताणी केली, चिंधी सोडली, चादर खोचली.  गेंदीबाई माझ्या पदराला ओढत म्हणाली, "बाईसा, थे बोलो. थांनै तो बोलणो आवै छै." तुम्ही बोला, तुम्हाला तर बोलता येतं. मी, जी कलेक्टरच्या फाटकाशी घसा बसेपर्यंत ओरडते, त्या दिवशी काही बोलले नाही. त्या पोरीची नोकरी, एकच दिवस, त्यात काय एवढं बिघडणार... आम्ही फाटकाबाहेर कडुनिंबाखाली बसून राहिलो. साहेब दहाला येणार होते, मग बाराला, मग जेवून. साडेतीनला आले. बायकांच्या वॉर्डात शिरलेसुद्धा नाहीत. दारातून पाहिलं, "बहुत अच्छा" म्हणाले आणि पुढे गेले.

चारला आत सोडलं. आत्याच्या डाव्या बाजूची चादर उपसलेली होती, तेवढीच एक, सगळ्या वॉर्डात. एका हातानं तिनं स्वतःला वळवायचा प्रयत्न केला होता. शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, "बाई सारे दिन खाट का डंडा बजाती रही. सोचा, पानी मांगे है." तिला पाणी पाजलं होतं. दर वेळी ती दांडी वाजवायची आणि दर वेळी कोणीतरी मायेनं येऊन पाणी पाजून जायचं. गेंदीबाईनं आणि मी तिला वळवलं. माकडहाडावर तळहाताएवढी जागा जांभळी झाली होती. आत्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तिनं डाव्या हाताचं बोट उचललं आणि हवेत एक लहानशी गोल खूण केली, ती वहीत लाल पेन्सिलीनं करायची तशी. नोंद कर, म्हणत होती.

चार दिवसांत चामडी फुटली. मग ताप. मग तो वास, जो तिनं आयुष्यभर वॉर्डाबाहेर ठेवला होता. आश्विनात एका सकाळी आई तिला डाव्या कुशीवर वळवत होती आणि वळवता वळवताच आईच्या हातांना कळलं की आता वळवायला कोणी नाही. मी छापखान्यात होते. बाबांच्या कचेरीतला चपरासी सायकलवर सांगायला आला, तेव्हा माझ्या हातात भाडेवाढीच्या पत्रकाचं प्रूफ होतं, आणि मी त्याला म्हटलं, "भैया, दो मिनट." दोन मिनिटं थांबवलं मी त्याला. एक काना राहिला होता.

तिरडीवर बांधताना मी अडून बसले की खाली कापूस घाला, जाड घाला. बाबांचे कचेरीतले मित्र एकमेकांकडे बघायला लागले. एकजण हळूच म्हणाला, "बेटा, आता तिला काय लागणार आहे?" पण गेंदीबाईनं आपल्या ओढणीची घडी केली आणि जिथं जखम होती बरोबर तिथं सरकवली. त्या सगळ्या माणसांमध्ये तिला एकटीला ती जागा ठाऊक होती.

मृत्यूच्या कागदावर लिहिलं आहे, लकवा. खोटं आहे. लकव्यानं तिला पाडलं, मारलं नाही. रुग्णालयात तिच्यासाठी दोन मिनिटं उभे राहिले, मोठे डॉक्टर बोलले, "बड़ी सेवाभावी थीं." मी मागे उभी होते. मला ओरडून सांगायचं होतं की सेवा सगळेच करतात साहेब, त्या दिवशी तिला पाणी पाजणारेही सेवाच करत होते. ती बघत होती. ती मोजत होती. स्वतःचं चुकलेलं पहिल्या ओळीत लिहीत होती. तुम्ही स्वतःच्या कामाला जे नाव देता, रिसर्च, तेच याचंही नाव आहे. नाही ओरडले. पण कागद दुरुस्त करा असा अर्ज दिला आहे, आणि उत्तर येईपर्यंत दर सोमवारी देणार आहे. तिच्या सहा ओळी छापल्या. वर पाठीचा ठसा मारला. फाटकाशी गेंदीबाई आणि मी वाटतो. आत्यानं ते वाचलं असतं तर म्हणाली असती, उशीर केला तू, पण काय करायचं ते आता सांगितलं आहेस.

तेच तुम्हाला सांगते. तुमचं कोणी आज कुठल्या खाटेवर पडून असेल, घरात असो, रुग्णालयात असो. हा वर्तमानपत्राच्या पुरवणीचा कागद खाली ठेवा आणि जा. पाठीखाली हात घाला, माकडहाडाशी, टाचांशी. लाल दिसलं तर चोळू नका, त्या अंगावरून उठवा, कुशीवर वळवा, आणि दोन तासांनी पुन्हा. आणि पाहणी आहे म्हणून, साहेब येणार आहेत म्हणून तुम्हाला बाहेर काढायला लागले, कोणी हात जोडून म्हणालं की बस आजचा दिवस, तर माझ्यासारखे उठू नका. विचारा, दोन तासांनी हिला कोण वळवणार? नाव सांगा म्हणावं. ते नाव मिळेपर्यंत खाटेजवळून हलू नका.